सरकारवाडा ते शरणपूर, पायी

अमोलिकबाईंनी पहिल्याच भेटीत मला माझ्या खुर्चीतून उठवलं आणि रस्त्यावर काढलं. अशोकस्तंभाजवळच्या गल्लीत माझी छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि हंगामात द्राक्षाच्या पेट्यांवरची लेबलं, असा आमचा संसार. त्या दुपारी मी पंख्याखाली बसून एका वधुपित्याशी फोनवर हुज्जत घालत होतो. पत्रिकेत 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' या ओळीखाली त्यांना अख्ख्या भावकीतल्या पोरांची नावं हवी होती आणि जागा होती चार पोरांपुरती. समोर एक उंच, सडसडीत बाई येऊन उभ्या राहिल्या. फिकी निळी सुती साडी, आणि पायात मात्र मैदानावर पोरं घालतात तसले पांढरे बूट. माझा फोन संपेपर्यंत त्या खुर्चीला हातही न लावता उभ्या होत्या. मग एक कागद पुढे करून म्हणाल्या, "हे छापायचंय." मी सवयीप्रमाणे प्रती किती, कागद कोणता, रंग एक की दोन, हे विचारायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "ते नंतर. आधी यावरून चालून या."

कागदाचा मथळा होता, 'सरकारवाडा ते शरणपूर, पायी'. त्याखाली लिहिलं होतं, 'सोबत कोणी नको. हा कागद पुरे.' नाशकातले जुने वाडे आणि जुनी चर्च एका फेरीत, चालत, कोणी गाइड न घेता बघता यावीत म्हणून बाईंनी एक वाट आखली होती. कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे मान वर करायची, सगळं लहान लहान वाक्यांत.

मी त्यांना समजावलं की प्रेसवाल्याचं काम छापण्याचं. लग्नपत्रिका छापतो म्हणून काही मी दर मुहूर्ताला बोहल्यावर चढत नाही. बाई हसल्या नाहीत. "पत्रिकेचं प्रूफ डोळ्यांनी वाचता ना?" त्या म्हणाल्या. "याचं पायांनी वाचायचं."

आता मी गंगापूर रोडला राहणारा माणूस. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दुधाची पिशवी आणायची तरी स्कूटर काढतो, आणि पेट्रोल महाग झालं म्हणून सरकारला शिव्या देतो. तरी त्या दुपारी उन्हात मी निघालो. शाळेतल्या बाई 'ऊठ' म्हणाल्या की उठायचं, ही सवय पन्नाशीतही जात नाही, एवढंच मला त्याचं कारण सांगता येईल.

बाई खरोखरच शाळेतल्या बाई होत्या. भूगोल शिकवायच्या. नोकरीची बरीच वर्षं पेठच्या डोंगरात गेली आणि शेवटची नाशकात. लग्न केलं नव्हतं. शरणपूरच्या दगडी चर्चच्या मागे एक कौलारू घर आणि घरापुढे ओटा, तिथे एकट्या राहायच्या. त्यांच्या वर्गातला पहिला गृहपाठ ठरलेला असे. प्रत्येकाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायचा. दुसऱ्या दिवशी बाई नकाशांची अदलाबदल करायच्या आणि याच्या नकाशावरून त्याला त्याच्या घरी पाठवायच्या. पेठसारख्या ठिकाणी, जिथे एकेक पाडा दोन ओढ्यांपलीकडे, तिथे हे म्हणजे पालकांच्या जिवाला घोरच. पोरगं पोचलं तर नकाशावाला पास. नाही पोचलं, रडत परत आलं, तरी त्याला कोणी हसायचं नाही. नापास व्हायचा तो नकाशा काढणारा. "चुकला तो चालणारा नव्हे," बाई म्हणायच्या, "सांगणारा चुकला." हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की एकदा पत्रिकेत हॉलचा पत्ता अर्धवट छापला गेला आणि अर्धं वऱ्हाड भलत्याच मंगल कार्यालयात जेवून आलं, तेव्हा वधुपित्यासमोर तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं. त्याने ते फारच मनावर घेतलं आणि पत्रिका फुकटात गेल्या.

निवृत्त झाल्यावर बाई रविवारी दुपारी लोकांना घेऊन ही वाट चालायच्या. सकाळची चर्चची उपासना उरकायची, जेवायचं, बूट चढवायचे आणि सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर जाऊन उभं राहायचं. येतील ते येतील. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, चढउतार कमी करा. दुसरं कोणी असतं तर चालणं सोडून औषधांच्या वेळा पाळत बसलं असतं. बाईंनी उलटा हिशेब केला. माणूस गेलं की जी वाट बंद पडते ती वाटच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा आपण आहोत तोवर ती आपल्याशिवाय चालता आली पाहिजे. अगदी परका माणूस, हातात फक्त कागद, आणि तो सरकारवाड्यापासून निघून शरणपूरच्या चर्चमधल्या बाकावर येऊन बसला पाहिजे. हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. झडप काय करेल ते करो.

मी त्या दिवशी चालून आलो. सरकारवाड्याचं दगडी जोतं, तिवंध्याकडच्या गल्लीतला एका जुन्या सरदार घराण्याचा वाडा, मग मेनरोड, शालिमार, सीबीएसचा एसटी स्टँड, त्र्यंबक रोडवरचं चर्च आणि शेवटी शरणपूरचं. बाई हाकेच्या अंतरावर मागून येत होत्या, छत्री उघडून, एक शब्द न बोलता. शरणपूरला मी घाम पुसत बाकावर बसलो आणि म्हणालो की कागदात एकही चूक नाही, उद्या छापायला घेतो. वाटलं, बाई खूश होतील. त्यांचा चेहरा पडला.

"तुम्ही नाशिकचे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कागद लागलाच नाही. मला परका माणूस पाहिजे."

तो परका माणूस माझ्याच दारात टेम्पो लावून उभा होता, असं म्हणायला हरकत नाही. दत्तू आहेर पिंपळगाव बसवंतचा. द्राक्षाच्या पॅकहाउसचा टेम्पो चालवायचा आणि लेबलांचे गठ्ठे न्यायला माझ्याकडे यायचा. मुंबई-आग्रा रस्त्यावरचा एकूण एक ढाबा त्याला ठाऊक, पण जुन्या नाशकात तो कधी शिरलेला नव्हता. त्या दिवशी लेबलांची शाई ओली होती. बाई प्रूफ घेऊन आलेल्याच होत्या. त्यांनी त्याला विचारलं की शाई वाळेपर्यंत काय करणार. तो म्हणाला, चहा पीत बसतो की. चहा मी पाजीन, पण चालून आल्यावर, असं म्हणून बाईंनी त्याच्या हातात कागद दिला. दत्तूने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

या वेळी गंमत म्हणून मीही मागून गेलो. बाईंनी मला आधीच बजावलं होतं की बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, खोकायचंही नाही. दत्तूने तो कागद डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा दोन्ही हातांत धरला होता. सरकारवाडा त्याला जमला. सरदारांचा वाडाही सापडला. मग तो एका चौकात आला आणि खिळून उभा राहिला. कागदावर होतं, 'टॉकीजपाशी डावीकडे वळा.' दत्तूने चहूकडे मान फिरवली. पानवाल्याला विचारलं. पानवाल्याने पान लावता लावता समोर हनुवटी केली. दत्तू समोर गेला, तिथल्या दुकानदाराशी बोलला, परत आला, पुन्हा गेला. बाई छत्रीखाली दगडासारख्या उभ्या. शेवटी तो नियम मोडून आमच्याकडेच आला.

"बाई, ह्या कागदावर टॉकीज हाय," तो म्हणाला. "इथं तर कापडाचं दुकान हाय. अन् ते दुकानवालंच मला सांगतंय का टॉकीज हीच. लय वेळ झाला फिरतोय. माझं डोकं फिरलं का ह्या लोकायचं?"

मी त्या दुकानाकडे बघितलं आणि मला दरदरून घाम फुटला. टॉकीज पाडून किती वर्षं झाली ते मला आठवेना. तिथे मी शाळा बुडवून सिनेमे बघितले होते. चार दिवसांपूर्वी हाच कागद वाचून मी 'टॉकीजपाशी' डावीकडे वळलो होतो, आणि ती तिथे नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. रिक्षावाला टॉकीजपाशी म्हटलं की थांबतो. भाजीवाली टॉकीजपाशी बसते. ज्या दुकानाने तिची जागा घेतली ते दुकानही आपला पत्ता टॉकीजपाशी असाच सांगतं. नाशिकच्या माणसाला ती अजून दिसते. बाईंनी लिहिलं, मी चाललो, आणि दोघांनाही पत्ता नाही. पिंपळगावच्या माणसाला यावं लागलं.

बाईंनी तिथेच पर्समधून पेन काढून ती ओळ खोडली. "जे दिसत नाही, त्यावरून रस्ता सांगायचा नाही," त्या म्हणाल्या. मग दत्तूकडे वळून त्याला सांगितलं की तो पास झाला आहे आणि त्या स्वतः नापास. दत्तूला यातलं काहीही कळलं नाही, पण चहाबरोबर मिसळही मिळाली म्हणून तो खूश होता.

पुढचे कित्येक दिवस बाई सगळी वाट पुन्हा पुन्हा चालत राहिल्या. एक वडाचं झाड निघालं, जे रस्ता रुंद करताना गेलं होतं. एका घड्याळजीची पाटी निघाली, घड्याळजी देवाघरी जाऊन जमाना झालेला. एक पोस्टाची पेटी होती, तिचा नुसता चौथरा उरला होता. "अर्धा कागद भुतांच्या भरवशावर लिहिला होता मी, जाधवभाऊ," त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी भूगोल बाहेर काढला. दुकानं बदलतात, उतार बदलत नाही, असं म्हणून त्यांनी सगळी वळणं उतारावर, दगडी पायऱ्यांवर आणि नदीच्या बाजूवर बांधली. टॉकीजच्या जागी आता आहे, 'रस्ता जिथे उतरायला लागतो, तिथे डावीकडे.' दत्तू पुढच्या खेपेला लेबलं न्यायला आला तेव्हा बाईंनी त्याला परत चालवलं. या वेळी तो शरणपूरला पोचला आणि बाकावर असा बसला, जणू बाजार समितीत त्याच्याच मालाला सगळ्यात चढा भाव फुटला होता.

कागद छापला. सरकारवाड्याजवळच्या दोनतीन दुकानांत ठेवला. लोक चालू लागले. आणि मग लक्षात आलं की लोक निम्मंच चालतात. वाडे बघायचे, शालिमारपर्यंत यायचं, रिक्षा दिसली की बसायचं. चर्च पुन्हा कधीतरी बघू. ते कधीतरी काही उगवत नाही. शालिमार ते त्र्यंबक नाका हा टप्पा तसा रुक्षच. हॉर्न, धूर, बस, झेरॉक्सची दुकानं. लोकांना दोष देणं बाईंच्या स्वभावात नव्हतं, पण हे त्यांना लागलं. का लागलं ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. एक दिवस त्यांनी सांगितलं.

बाईंचे वडील सुतार. योहानमिस्त्री. शरणपूरहून रोज चालत गावात कामाला जायचे. त्या सरदारांच्या वाड्यातल्या माडीच्या कठड्यावर एक कोरलेली वेल आहे. तिचा एक तुकडा कुजला होता, तो मिस्त्रींनी नवा कोरून बसवला. जुन्या वेलीवरून कागदावर खाका काढून घेतला आणि लाकडावर ठेवताना एका ठिकाणी तो उलटा पडला. काम पुरं झाल्यावर बघतात तर सगळी पानं एका दिशेला आणि एकच पान मागे वळलेलं. मिस्त्रींना रडू कोसळायचं बाकी होतं. नवा तुकडा करतो म्हणाले. वाड्याच्या तेव्हाच्या मालकांनी वर बघितलं आणि म्हणाले, राहू द्या मिस्त्री, तेवढीच तुमची खूण. पुढे शरणपूरच्या चर्चचे बाक करायचं काम मिस्त्रींकडे आलं. त्यांनी बाकाच्या कडेला तीच वेल कोरली, आणि एक पान जाणूनबुजून उलटं केलं.

"एकाच माणसाच्या हातचं आहे ते," बाई म्हणाल्या. "वाड्यात बघून जो रिक्षात बसतो, त्याने अर्धा योहानमिस्त्री बघितला." त्यांचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही, पण डोळे भरले होते.

पहिल्या कागदावर ही सगळी हकिगत वाड्यापाशीच लिहिलेली होती. लोक ती वाचायचे, वा म्हणायचे आणि निघून जायचे. तिथे माझ्यातला छापखानेवाला जागा झाला. मी बाईंना म्हणालो की वर्तमानपत्रवाले बातमी अर्धी पहिल्या पानावर देतात आणि ऐन रंगात आली की 'उर्वरित आत' म्हणून तोडतात. तुम्ही सगळी बातमी पहिल्याच पानावर देऊन बसलात. बाईंनी कागदाची घडी केली आणि तशाच उठून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. दुसऱ्या दिवशी नवा मजकूर आला. वाड्यापाशी आता एवढंच होतं: 'कठड्यावरच्या वेलीत एक पान उलटं आहे. ते शोधा. ते उलटं का, हे शरणपूरला कळेल.' त्या दिवसापासून रिक्षावाल्यांचा धंदा थोडा बसला असावा. लोक त्या हॉर्नांमधून, त्या धुरातून, उलट्या पानाच्या नादाने चालत यायला लागले.

माणसं वाढली तशी कटकटही वाढली. त्या वाड्यात अजून कुटुंब राहतं. घरातले थोरले बापूसाहेब, तापट गृहस्थ. कोणीतरी त्यांच्या दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढले, कोणी चपला घालून थेट स्वयंपाकघरापर्यंत गेलं. बापूसाहेबांनी दिंडी दरवाजा लावून घेतला आणि 'हा वाडा खासगी आहे' अशी पाटी ठोकली. वाडा गेला म्हणजे वेल गेली, आणि वेल गेली म्हणजे सगळी वाटच गेली. मी म्हणालो, चला, चार प्रतिष्ठित माणसं घेऊन जाऊ. बाईंनी ऐकलं नाही. त्या रोज दुपारी जाऊन त्या बंद दाराबाहेरच्या पायरीवर बसायच्या. हाक मारायच्या नाहीत, कडी वाजवायच्या नाहीत. संध्याकाळ झाली की उठून घरी. अखेर बापूसाहेबांनीच दार उघडलं आणि आत या म्हणाले. बाई आत गेल्या नाहीत.

"तुमच्या घरात कसं यायचं, ते आधी तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "तसं मी लिहिते."

बापूसाहेबांनी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं आणि बाईंनी पायरीवर बसून उतरवून घेतलं. कागदावर ते आजही जसंच्या तसं आहे. 'या वाड्यात माणसं राहतात. बाहेर थांबा आणि येऊ का, म्हणून विचारा. या म्हटलं तर चपला काढून आत जा. उत्तर आलं नाही तर रागावू नका, पुढे चला.' पाटी निघाली. बापूसाहेब नंतर नंतर 'येऊ का' ऐकलं की स्वतःच माडी दाखवायला यायचे, आणि पान कुठे आहे ते मात्र सांगायचे नाहीत. मी त्यांना एकदा म्हटलं, तुम्ही कधी शरणपूरला जाऊन बाक बघितलात का. ते म्हणाले, जन्म नाशकात गेला, पण चर्चची पायरी काही चढलो नाही. आपल्याला तिथे कोण ओळखतंय.

कागदाची शेवटची ओळ माझी सगळ्यांत आवडती होती. 'चर्चच्या मागच्या फाटकातून बाहेर या. समोरच्या ओट्यावर पांढरे बूट घातलेली एक म्हातारी बसलेली दिसेल. तिच्याकडे पाणी मागा, आणि कागदात काय चुकलं ते सांगा.' लोक पाणी मागायचे. बाई तांब्याभांडं पुढे करायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, कुठे अडलात? कोणी 'कुठेच नाही, मस्त आहे' म्हणालं की त्यांना ते आवडायचं नाही. कोणी तक्रार केली की त्याला आणखी एक पेला मिळायचा.

गेल्या वर्षी द्राक्षाचा हंगाम सरता सरता बाईंना दवाखान्यात ठेवलं. दवाखाना गंगापूर रोडलाच, माझ्या घरापासून जवळ. आमची मंडळी डबा करून द्यायची आणि मी संध्याकाळी घेऊन जायचो, चालत. हो, चालत. झडप बदलायची तर शरीर तेवढं सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि बाईंनी ते वर्गात हजेरी ऐकावी तसं ऐकून घेतलं होतं. त्याच सुमारास कागदाच्या प्रती संपत आल्या होत्या. एका वळणावर नवं बांधकाम उभं राहिलं होतं, तेवढी दुरुस्ती करून मी प्रूफ घेऊन गेलो. वाटलं, त्यांना जरा बरं वाटेल. त्यांनी चष्मा मागून घेतला, सगळं वाचलं, वळणाची दुरुस्ती पसंत केली.

मग म्हणाल्या, "शेवटची ओळ काढा."

मी न कळल्यासारखं केलं. जागा भरपूर आहे बाई, म्हटलं, ओळ आरामात बसते.

"जागेचं नाही म्हणत मी."

मला त्यांचा राग आला. खरंच राग आला. एवढ्या वर्षांत मला कोणाचा इतका राग आला नव्हता. मी म्हणालो, "बाई, टॉकीज पाडून इतकी वर्षं झाली, अजून सगळं नाशिक टॉकीजपाशी वळतं. तुमच्या ओट्यापाशीही वळेल."

"नाशिकवाले वळतील," बाई म्हणाल्या. "आहेरांचं काय?"

दत्तू त्या चौकात हातात कागद धरून गोल फिरत होता, तो मला डोळ्यांसमोर दिसला. चर्चमागच्या फाटकातून बाहेर येऊन कोणी परका माणूस तसाच फिरणार, पांढरे बूट शोधत. बाईंच्या हाताला सलाइनची सुई होती. त्यांनी पेनकडे बोट दाखवलं आणि माझ्यासमोर खोडा, म्हणाल्या. मी खोडली. त्यांनी प्रूफ डोळ्यांजवळ नेऊन तपासलं. नीट खोडा, खालची अक्षरं वाचता येतायत, म्हणाल्या. मी पुन्हा रेघ मारली, आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडलो. चार दिवसांनी बाई गेल्या.

चर्चमध्ये उपासना चालू होती. मी दारापाशी उभा होतो. पेठहून त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, शरणपूरचे सगळे होते. गाणं संपता संपता बापूसाहेब आले. घामाघूम झालेले, धोतराला रस्त्याची धूळ. तिवंध्यावरून चालत आले होते. खिशातून कागदाचं टोक बाहेर डोकावत होतं. त्यांनी पायरीखाली चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "येऊ का?"

पाळकसाहेबांनी मान वर केली. "या," ते म्हणाले.

बापूसाहेब शेवटच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने त्यांचा हात बाकाच्या कडेवरून फिरताना मला दिसला. एका जागी तो थांबला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

मी नवीन प्रती छापल्या, त्या ओळीशिवाय. कागद आता बाकापाशी संपतो. 'बसा. फेरी पुरी झाली.' छापून झालं तरी बाईंचं काम पुरं झालं नव्हतं, पायांचं प्रूफ राहिलं होतं. म्हणून पुढच्या रविवारी दुपारी मी सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिलो. विदर्भाकडचं वाटावं असं बोलणारं एक तरुण जोडपं कागद घेऊन निघालं. मी हाकेचं अंतर ठेवून मागे. बोललो नाही, खुणा केल्या नाहीत, खोकला आला तो गिळला. वाड्यासमोर त्यांनी येऊ का म्हणून विचारलं. रस्ता उतरायला लागला तिथे न अडखळता डावीकडे वळले. शालिमारला मुलगा रिक्षाकडे बघायला लागला, तर मुलीने त्याला दंडाला धरून पुढे ओढलं. शरणपूरला बाकाची कड चाचपत ती मुलगी खाली बसली आणि तिला पान सापडलं. दोघांनी कागदाच्या शेवटी छापलेली मिस्त्रींची हकिगत एकमेकांना वाचून दाखवली, बसले, उठले. रस्ता जवळ पडतो म्हणून मागच्या फाटकातून बाहेर पडले. कुठेच अडले नाहीत. बाईंचा कागद बाईंशिवाय पोचला.

त्यांच्यामागून मी बाहेर आलो आणि माझे पाय ओट्याकडे वळले. दाराला कुलूप होतं. मुलगी थांबली, तिने आधी कागद उलटसुलट करून बघितला आणि मग मला विचारलं, "काका, इकडे अजून काही आहे का? यात तर काहीच नाही लिहिलं."

"काही नाही," मी म्हणालो. "तुमचा कागद बरोबर आहे."

ते दोघं रिक्षा शोधायला गेले. मी पडलो नाशिकचा माणूस. मी ओट्यासमोर उभाच राहिलो. काय चुकलं ते सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मनातल्या मनात नुसतं पाणी मागितलं.